पाऊस द्यायचा ती सुट्टी

फ्रिस्को, टेक्सास
१८ मे २०२५

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. एकदा गाडी चालवताना आणि पुन्हा रात्री, घर झोपल्यावर. तुझ्या खो-खोच्या मुलींना हॉल मिळाला, त्यात मॅट आली, हे तू सांगत होतीस आणि मला आपलं तासगावचं मैदान दिसत होतं. सकाळी आधी खडे वेचायचे, मग फक्कीनं आखायचं, आणि घरी जाताना गुडघ्यांवरच्या खपल्या लपवायच्या. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा वर्ल्ड कप झाला, अंतिम सामन्यात आपल्या पोरींनी नेपाळला हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हापासून आईबाप आपणहून मुलींना आणून सोडतात म्हणालीस. इतकी वर्षं तू दारोदार फिरून मुली गोळा केल्यास. हे सुख तुझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

पण शेवटी तू जे विचारलंस ते मनात रुतून बसलंय. ‘ज्योती, आता पावसाचीही अडचण नाही. एप्रिलचं शिबिर तसंच पुढं ओढते, थेट तालुका स्पर्धेपर्यंत. चालेल ना?’

नको ओढूस, सुनंदा. माझ्या लेकीचं, मनूचं, चीअरलीडिंगमधलं मागचं वर्ष मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते, म्हणजे मी असं का म्हणतेय ते तुला कळेल.

चीअरलीडिंग म्हटलं की तिकडे आयपीएलच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. मनूचा खेळ वेगळा आहे. वीस-बावीस मुली, अडीच मिनिटांचं एक रूटीन, आणि त्या अडीच मिनिटांत उड्या, कोलांट्या, एकमेकींना हातांवर उचलून धरणं, हवेत फेकून झेलणं, मनोरे, नाच, सगळं आठाच्या मोजणीवर. वर चढते ती फ्लायर, खालून पेलतात त्या बेस, मागून सावरते ती बॅकस्पॉट. एकीचा पाय घसरला तर गुण सगळ्यांचे कापले जातात. एकही चूक न होता रूटीन पार पडलं की त्याला इथे ‘हिट झिरो’ म्हणतात, आणि त्या दोन शब्दांसाठी पोरी वर्षभर मरतात. मनू फ्लायर होती. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पाठीमागून डोक्यापर्यंत ओढून धरायचा, त्याला स्कॉर्पियन म्हणतात. तिचा स्कॉर्पियन बघताना माझा श्वास थांबायचा, इतका तो सुंदर होता.

आता या खेळाचं वर्ष बघ. मेच्या सुरुवातीला फ्लोरिडात ऑरलँडोला ‘द समिट’ ही मोसमाच्या शेवटची मोठी स्पर्धा, तिथे जायला आधीच्या स्पर्धांतून बिड, म्हणजे प्रवेशाचं निमंत्रण, मिळवावी लागते. तिथून परतून आठवडा होतो न होतो तोच पुढच्या मोसमाची निवड. जून-जुलै स्टंटचे कॅम्प, टम्बलिंगचे, म्हणजे कोलांट्या-उड्यांचे क्लास, फ्लायरांसाठी वेगळे स्ट्रेचिंगचे क्लास. ऑगस्टच्या आसपास नवं रूटीन बसवायचं. ऑगस्टच्या शेवटी शाळेचा फुटबॉल, म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, सुरू होतो, आणि टेक्सासात शुक्रवारची रात्र म्हणजे फुटबॉल, त्यामुळे ज्या मुली शाळेच्या चमूतही आहेत त्यांचे शुक्रवार तिकडे. नोव्हेंबर-डिसेंबरपासून स्पर्धा, फेब्रुवारीच्या शेवटाला इथे डॅलसलाच एनसीएची, म्हणजे नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशनची, मोठी राष्ट्रीय स्पर्धा, मग एप्रिल, मग पुन्हा मे. मे ते जुलै या काळाला सगळे ऑफ-सीझन म्हणतात. मी कॅलेंडर पुढ्यात घेऊन शोधलं, रिकामा आठवडा सापडला नाही. याला कारणही आहे. लॉरेन्स हर्किमर नावाच्या डॅलसच्या माणसानं १९४८ साली ही एनसीए काढली ती उन्हाळी शिबिरांसाठीच. या खेळाचा सगळा पसारा उन्हाळ्याच्या सुट्टीवरच उभा राहिला, मग उन्हाळा मोकळा राहणार कसा?

मागच्या मेमध्ये आम्ही ऑरलँडोहून परतलो तेव्हा मनू तेरा वर्षांची होती. शनिवारी विमानातून उतरली आणि सोमवारी जिममध्ये हजर. मीच सोडलं. ओपन जिमला, म्हणजे ऐच्छिक सरावाला, यायलाच हवं असं कुणी म्हणालं नव्हतं, पण कोण येतं आणि कोण येत नाही याची नोंद होते, हे आम्हा सगळ्या आयांना माहीत होतं. त्या उन्हाळ्यात तिची उंची भराभर वाढली. जुलैत एकदा जेवताना म्हणाली, ‘आई, मागे वाकलं की कमरेत एकाच जागी दुखतं.’ मी म्हणाले, स्ट्रेचिंग कमी पडत असेल, रात्री नीट कर.

सुनंदा, हे वाक्य मला विसरता येत नाही. मी स्वतः खेळलेली बाई आहे. खेळाडू दुखण्याची जागा बोटानं दाखवते तेव्हा ते साधं अंग दुखणं नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यानंतर ती मला काही बोलली नाही. ऑगस्टचं रूटीन तिनं तसंच बसवलं. सप्टेंबरमध्ये एक दिवस शाळेतून आली ती दप्तर जमिनीवरून ओढत आली, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेत काही नव्हतं. एमआरआयमध्ये दिसलं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक बारीक दुवा असतो, त्याला पार्स म्हणतात. पाठ पुन्हापुन्हा मागे वाकवली की भार नेमका तिथे येतो. जिम्नॅस्ट, वेगवान गोलंदाज आणि चीअरच्या मुली, सगळ्यांची हीच जागा. मनूचा तो दुवा तडकायच्या बेतात होता. अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर तडकलाच असता. खेळ तीन महिने बंद. तिच्या जागी दुसरी फ्लायर आली, मनोरे नव्यानं बसवले गेले, आणि माझी पोर भिंतीला टेकून सगळं बघत बसली, कारण चमूला सोडून घरी बसायची तिची तयारी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. हाडावर ताण पडला की ते आधी खराब झालेला भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच काळात आपण त्याच्यावर पुन्हा तोच भार टाकत राहिलो तर भरणं कधी पुरं होतच नाही. स्नायू लवकर तयार होतात, म्हणून मुलीला वाटतं आपल्यात ताकद आहे. हाड आणि स्नायुबंध मागे राहिलेले असतात. त्यातून वाढीचं वय. मी इतकी वर्षं समजत होते की सरावानं अंग तयार होतं आणि विश्रांतीत फक्त थकवा जातो. तयार व्हायचं कामच मुळी विश्रांतीत चालतं, सराव फक्त ते काम सुरू करून देतो.

इथल्या बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संस्था आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, तिनं २०१६ साली हे स्वच्छ लिहून ठेवलंय. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून एकूण तीन महिने आपल्या खेळापासून दूर, तेही एकेका महिन्याच्या तुकड्यानं. दूर म्हणजे लोळत पडणं नव्हे, दुसरं काहीही खेळावं. आणखी एक हिशोब इथले खेळाचे डॉक्टर सांगतात: आठवड्यातले सरावाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. मनूचे तास मी मोजले. तेराव्या वर्षी ती उन्हाळ्यात सतरा तास करत होती.

आता यंदाचं सांगते. ती जानेवारीत परतली, साइड बेस म्हणून खेळली, चमूबरोबर ऑरलँडोला जाऊन आली. परतीच्या विमानातच आम्ही ठरवलं होतं: निवडीला जायचं, त्यानंतर चार आठवडे जिमचं तोंड बघायचं नाही. मी प्रशिक्षकांना जाऊन तसं सांगितलं. सांगताना पाय कापत होते माझे. ते एवढंच म्हणाले, ठीक आहे, पण जुलैत जागा कोणाला कोणती ते तेव्हाच ठरेल. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना वीस मुली बघायच्या आहेत. भीती आम्हा दोघींना आहेच. टम्बलिंग जाईल, वरची जागा पुन्हा मिळणार नाही, मैत्रिणी पुढं निघून जातील. मी तिला जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण दिलं. ती इथलीच, ह्यूस्टनजवळ वाढलेली. रिओनंतर २०१७ चं सबंध वर्ष ती स्पर्धेत उतरली नाही, आणि २०१८ ला दोह्यात पुन्हा जगज्जेती झाली. टोकियोनंतर दोन वर्षं बाहेर राहिली आणि पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं घेतली. मनूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ती सिमोन आहे, आई.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले की पाठ मात्र दोघींचीही हाडाचीच आहे.

पहिल्या आठवड्यात ती रोज दहा-दहा तास झोपली. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी म्हणतात, मोसमात ती जेमतेम सात तास झोपायची, रात्री साडेनऊला सराव संपल्यावर गृहपाठ कधी करणार? आता पोहते, संध्याकाळी ऊन उतरलं की सायकल काढते. मागे वाकायचं काहीही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पोटाचे-पाठीचे व्यायाम, एका पायावर तोल, आणि उडी मारून नीट खाली उतरणं. उतरण्याचा सराव कुणी करत नाही बघ, सगळ्या वर जायच्याच मागे असतात. चौथ्या आठवड्यात हातांवर उभं राहणं आणि साध्या कोलांट्या. जिममध्ये गेल्यावर पहिले पंधरा दिवस मऊ मॅटवर, एक दिवसाआड, आणि पूर्ण ताकदीनं अख्खं रूटीन, ज्याला फुल आउट म्हणतात, ते रूटीन बसेपर्यंत नाहीच. ताकद महिनाभरात फारशी जात नाही, दम आधी जातो आणि तो परतही येतो. जानेवारीत आम्ही हे पाहिलंय. तेव्हा खरी अडचण डोक्यात होती. साधी बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे हातांवर पडून घ्यायची उडी, जी ती नवव्या वर्षापासून मारायची, तिच्यासाठी ती मॅटच्या कडेला उभी राहायची आणि अंग हलायचंच नाही. इथे त्याला मेंटल ब्लॉक म्हणतात, खूप मुलींना होतो. टम्बलिंग शिकवणाऱ्या ताईंनी तिला एकदाही ढकललं नाही. तीन आठवडे नुसत्या तिच्या पाठीला हात लावून उभ्या राहिल्या. एक दिवस तो हात त्यांनी काढला, आणि मनूला कळलंही नाही.

एक गोष्ट मात्र मी कडक पाळतेय: सुट्टीत ताटातलं काही कमी करायचं नाही. फ्लायरच्या मुली ‘आता सराव नाही’ म्हणून खाणं तोडतात, हलकं राहायचं म्हणून. हाड भरायचं ते कशानं? पाळी लांबायला लागली तर ते लक्षण समजायचं आणि डॉक्टरकडे जायचं. तुझ्या मुलींच्या बाबतीत हे तू विचारत जा, सुनंदा. त्या सांगणार नाहीत, आणि सरांना तर नाहीच नाही. तू बाई आहेस म्हणून तुला विचारता येईल.

आता तुझ्या मुली. त्यांचा भार पाठीपेक्षा गुडघ्यावर आणि नडगीवर, पाटीत बसून झटक्यात उठणं, वळणं, खांबाला सूर मारणं. हाडाचं गणित तेच. आपण खेळायचो तेव्हा आपल्याला विश्रांती कुणी दिली नव्हती, ती पावसानं दिली. जूनमध्ये मैदानात चिखल झाला की सर म्हणायचे, वापसा आल्यावर बघू. आपण घरी बसून चरफडायचो. आणि परतल्यावर आठवडाभर दमछाक व्हायची, मग तू अशी पळायचीस की सगळं मैदान थांबून बघायचं. आठवतंय ना? मनूच्या जिमला छप्पर आहे, एसी आहे, तिला पाऊस लागत नाही. आता तुझ्याही मुलींना लागणार नाही. म्हणून ती सुट्टी तुलाच द्यावी लागेल, तारीख घालून.

पालक म्हणतील, बाई आता आळशी झाल्या. त्यांना दाजींच्या बागेत ने. द्राक्षाची काढणी झाल्यावर एप्रिलच्या खरड छाटणीआधी दाजी वेलींना विश्रांती देतात, आणि त्या दिवसांत पाणी-खत तोडत नाहीत. तासगावात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एकच काळजी वाटते. तुझ्या मुलींना सुट्टी दिली म्हणजे त्या घरी निजतील असं नाही. कुणी शेतात जाईल, कुणी पाणी वाहील, कुणी धाकट्या भावंडांना काखेत घेऊन फिरेल. म्हणून हॉल अगदी कुलूप लावून बंद करू नकोस. संध्याकाळी तासभर उघड, खो-खो सोडून काहीही खेळू दे, लगोरी, लंगडी, गाणी, नुसत्या गप्पा. शेंगदाण्याचे लाडू ठेव. ज्या मुलीला घरी बसायला मिळत नाही, तिला तिथे बसायला मिळेल.

शिबिर कधी थांबवतेस आणि पुन्हा कधी सुरू करतेस ते कळव. मनू आत्ता उठली, साडेनऊ वाजलेत. तुला नमस्कार सांगतेय आणि विचारतेय की सुनंदामावशी खांबाला सूर मारायची तेव्हा गुडघ्याला काय बांधायची. काही नाही, असं सांगितलं, तर विश्वास बसत नाही तिचा.

तुझी,
ज्योती

ता. क. ऑगस्टमध्ये आमच्या शेजारचं कुटुंब सांगलीला येतंय. त्यांच्याबरोबर गुडघ्याचे पॅड पाठवते. किती मुली आणि कोणाचं माप काय, तेवढं लिहून पाठव.