पहिल्याच चिपला फ्रेमवर्क कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात इंजिनिअरिंग शिकणारी पोरं सुट्टीत माझ्याकडं लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्रॅम, शिकायला येतात, हुशार आहेत, पण एक चिप हातात आली की लगेच "सर, सगळ्या चिपना चालेल असं फ्रेमवर्कच, कोडचा एकच सांगाडा, करूया" म्हणून बसतात आणि महिना जातो तरी ती चिप काही चालू होत नाही. अरे बाबांनो, एकच चिप बघितलीय, सगळ्यांत सारखं काय ते कळणार कसं?

उलटी चूक मी स्वतः केलीय. उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं टेंपरेचर वाचायला तीन वेगवेगळ्या चिपांचे ड्रायव्हर लिहिले, म्हणजे पहिला लिहिला आणि बाकीचे दोन कॉपी मारले. थर्मोकपलची, म्हणजे टेंपरेचरच्या सेन्सरची, वायर तुटली की चिप एक बिट वर करून खूण देते, ते बघायचंच राहिलेलं. नंतर दोन ठिकाणी दुरुस्त केलं, तिसरं विसरलो. मग एक दिवस तिथलीच वायर तुटली आणि स्क्रीनवर चुकीचा आकडा तसाच दिसत राहिला, ऑपरेटरनं भट्टीतल्या जॉबचा रंग बघून ओळखलं म्हणून निभावलं. ते बिट चिपच्या कुठल्या रजिस्टरात (आतल्या खणात) आहे हे प्रत्येक ड्रायव्हरनंच सांगायचं, पण "वायर तुटली" हे वर कळवायचं काम एकाच जागी पाहिजे होतं, तेवढंच कॉमन होतं.

लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे त्याच्या गाभ्यातही, असंच झालं. एआरएम या डिझाइनचे प्रोसेसर बनवणाऱ्या प्रत्येक चिप कंपनीचा क्लॉकचा (चिपच्या ठोक्यांचा) कोड वेगळा, फंक्शनची नावं तीच, त्यामुळं दोन कंपन्यांच्या चिपांना एक कर्नल बिल्ड होईना, 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या एआरएमच्या पसाऱ्यावर उघड चिडले, आणि 2012 मध्ये 3.4 व्हर्जनला कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं. तोवर ढीगभर चिपा समोर होत्या, सारखं काय ते डोळ्यांना दिसत होतं.

आतलं फ्रेमवर्क चुकलं तर बदलता येतं, पण युजरच्या प्रोग्रॅमला दाखवलेला इंटरफेस गळ्यात पडतो. जीपीआयओचा, म्हणजे चिपच्या चालू-बंद करायच्या पिनांचा, जुना सिसएफएस (फायलींतून चालणारा) इंटरफेस बघा, 2016 मध्ये नवा आला तरी जुन्यावर चालणारे प्रोग्रॅम आहेत म्हणून तो सांभाळत बसावं लागलं.

उद्यमबागेतल्या वर्कशॉप मालकांना एक विनंती आहे, तुमच्याकडं जुने कंट्रोल बोर्ड धूळ खात पडले असतील ते भंगारात घालू नका, या पोरांना द्या, दुसरी आणि तिसरी चिप त्यांच्या हातात पडू दे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव