अक्षरांवरची पुस्तके खान्देशच्या ग्रंथालयांत एका जागी मिळावीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लग्नपत्रिकेवर ‘आशीवार्द’, सभेच्या फलकावर ‘कायर्क्रम’ आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीत ‘स्वगर्वासी’ हे शब्द आपल्याकडे आता सर्रास दिसतात. दोष टाइप करणाऱ्याच्या शुद्धलेखनावर जातो. पुष्कळदा त्याने शब्द बरोबरच टाइप केलेला असतो. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जातो. ‘आशीर्वाद’मध्ये आधी व, मग काना, मग रफार, मग द. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे रफार आधी आणि ‘वा’ नंतर. मजकूर एकातून दुसऱ्यात नेणारा कन्व्हर्टर रफार उचलून मागे नेत नसेल, तर तो पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. पुढे अक्षरच नसेल तर ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते. ती जागेवर गेली नाही तर शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात आशीर्वाद, मार्गदर्शन, सूर्य, पूर्व, वर्ष असे रफाराचे शब्द शोधून एकेक डोळ्यांखालून घालणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

अक्षर कसे घडते, कसे जुळते आणि छपाईत कुठे बिघडते, हे सांगणारी पुस्तके महाराष्ट्रातच लिहिली गेली आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या डीटीपी करणाऱ्या मुलामुलींना, फ्लेक्सवाल्यांना, पेंटरांना आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ती सहज हाती लागत नाहीत. जिल्हा ग्रंथालयांनी आणि कला महाविद्यालयांनी या पुस्तकांचे एक कपाट तयार करावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’पासून व्हावी. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला हा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ आहे. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, कसे पाडले गेले आणि लिपीसुधारणेचे कोणते प्रस्ताव आले, याचा इतका विस्तृत आलेख दुसरीकडे मिळणे अवघड. त्याच्या जोडीला अ. का. प्रियोळकरांचे १९५८ मधले ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हवे. गणपत कृष्णाजींचे शिळाप्रेसवरचे पंचांग, अमेरिकन मिशनचा छापखाना, जावजी दादाजींचा निर्णयसागर ही नावे शाळेत कानावरून जातात. त्यांच्यामागे खिळ्यांचा केवढा उद्योग उभा होता ते अशा पुस्तकांतून कळते. हाताने काढलेल्या अक्षरांसाठी नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे यांचे ‘माझी अक्षरगाथा’ घ्यावे. नाटकाचा विषय पाहून त्याचे नाव कोणत्या वळणाने लिहायचे, हे शेडग्यांची शीर्षके शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर जितके उमगते, तितके कुठल्याही व्याख्यानातून उमगणार नाही.

परदेशी पुस्तकेही हवीत, पण ती वाचताना सावध राहायला हवे. एडवर्ड जॉन्स्टनचे १९०६ चे पुस्तक टाक आणि अक्षर यांचे नाते शिकवते. एमिल रूडरचे १९६७ चे पुस्तक अक्षराच्या आतली आणि बाहेरची पांढरी जागा पाहायला शिकवते. योझेफ म्युलर-ब्रोकमनचे १९८१ चे पुस्तक पानाची चौकट, म्हणजे ग्रिड, कशी आखावी ते सांगते. तिन्ही उत्तम आहेत. अडचण इतकीच की त्यांतले आकडे रोमन लिपीसाठी आहेत आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे मराठीला लावले जातात.

सर्वांत मोठी चूक ओळींमधल्या अंतरात होते. अक्षराचा आकार आणि ओळीची उंची दोन्ही पॉइंटमध्ये मोजतात. रोमनला अक्षराच्या पॉइंटच्या १२० टक्के ओळ पुरते. बहुतेक सॉफ्टवेअर तेवढीच आपोआप देतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. वरच्या ओळीत ‘शत्रू’, ‘हृदय’ आणि बरोबर त्यांच्याखाली ‘मूर्तींना’, ‘वर्षांत’ असे शब्द टाइप करून पाहावे. १२० टक्क्यांना ऊकार आणि रफार एकमेकांत घुसतात किंवा इतके जवळ येतात की वाचणारा अडखळतो. ११ पॉइंटच्या मजकुराला १६ ते १७ पॉइंटची ओळ द्यावी. फॉन्टच्या मात्रा उंच असतील तर त्याहून थोडी जास्त. पाने वाढतात म्हणून प्रकाशक कुरकुरतो; अशा वेळी अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करावे, ओळ आवळू नये.

दुसरी गोष्ट अक्षरांमधल्या अंतराची. रोमन मोठ्या लिपीतले मथळे थोडे सुटे करा, असे ती पुस्तके सांगतात. मराठी मथळा सुटा केला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे होतात. आवळला तर काने एकमेकांवर चढतात आणि ‘भ’ची डावीकडची फट बुजून त्याचा ‘म’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तेच. जाड वळणात, लहान आकारात तर हमखास. दोन्ही कडा सरळ हव्या असतील तर इनडिझाइन या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांतल्या अंतराचे तिन्ही आकडे शून्य आणि अक्षराची रुंदी १०० टक्के ठेवून फक्त शब्दांमधले अंतर ८० ते १३३ टक्क्यांत खेळू द्यावे. शिवाय परिच्छेदाला त्यातला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहावे, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. अरुंद स्तंभात एवढे करूनही शब्दांत भगदाडे पडत असतील, तर उजवी कडा मोकळी सोडावी. मराठीतले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, त्यामुळे ही वेळ इंग्रजीपेक्षा लवकर येते.

फ्लेक्सवर याहून वाईट घडते. दहा फुटांच्या फलकावर नाव पुरेना म्हणून ते माउसने आडवे ताणतात. काना जाड होतो, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि अक्षराचा तोल जातो. उभे ताणले तर उलट, शिरोरेषा जाड आणि काने जेमतेम. यावर उपाय म्हणजे रुंद वळणाचा वेगळा फॉन्ट निवडणे किंवा नाव दोन ओळींत घेणे. एक प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा : ठसठशीतपणासाठी मराठी अक्षर यंत्राने तिरके करणे. रोमनमधल्या तिरक्या अक्षराला स्वतंत्र हस्तलेखनाची परंपरा आहे, देवनागरीच्या छपाईत तशी जोडी नाही. काने नुसते कलतात आणि पडायला आल्यासारखे दिसतात. शब्द उठावदार करायचा तर तो जाड करावा.

जॉन्स्टन वाचताना एक गोष्ट मनात उलटी करून घ्यावी लागते. रोमनसाठीच्या टाकाच्या धारेचा कल एका बाजूला असतो, तर देवनागरीचा बोरू त्याच्या विरुद्ध तिरका कापतात. म्हणून जाड-बारीक भागही विरुद्ध बाजूंना पडतात. ४५ अंशांत कापलेल्या बोरूने मराठी शून्य काढले तर ते डावीकडे वर आणि उजवीकडे खाली जाड होते; काना आणि शिरोरेषा साधारण सारख्या जाडीच्या येतात. बाजारात मिळणाऱ्या रोमन कॅलिग्राफीच्या निबाने मराठी लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याचे अक्षर परके का दिसते, याचे उत्तर इथे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना अक्षरलेखन पट्टीने चौकोन आखून शिकवले जाते. ठोकळा अक्षरापुरते ते ठीक आहे, पण त्याआधी चार दिवस बोरू हातात दिला तर ‘क’ची वाटी कुठे जाड आणि कुठे बारीक, हे पाठ करावे लागणार नाही.

फॉन्ट निवडताना मराठीपण तपासायला हवे. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेविषयी शासन निर्णय काढले. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे, पाकळ्यांचा ल आणि शेंडीचा श, ही आपली आहेत. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळण उमटते. ती मराठी करताच बदलते. तिरो देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. दुसरी परीक्षा ‘सातपुड्याच्या दऱ्या’ हे शब्द टाइप करून घ्यावी. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरला नाही तर ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र. तो वापरूनही र चा चंद्रकोरीसारखा अर्धा भाग न दिसता पाय मोडलेला र दिसला, तर तो फॉन्ट मराठी पुस्तकासाठी घेऊ नये. ‘ॲ’च्या जागी चौकट दिसली तरी तेच.

आता ग्रंथालयांविषयी. पुस्तके घेतली तरी ती वाचकाला सापडत नाहीत, याला दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, कारणीभूत आहे. मुद्राक्षरे ६८६.२२ मध्ये, सुलेखन ७४५.६ मध्ये आणि ग्राफिक डिझाइन ७४१.६ मध्ये जाते.  फलक रंगवणारा पेंटर किंवा डीटीपी करणारी मुलगी तीन-चार कपाटे फिरणार नाही. क्रमांक बदलायची गरज नाही. ग्रंथपालांनी ‘अक्षर आणि मुद्रण’ अशी पाटी लावून ही पुस्तके एका फळीवर ठेवावीत आणि मूळ जागी तसा निर्देश करणारी चिठ्ठी लावावी. नाईकांचे खंड संदर्भ विभागातच राहू द्यावेत, घरी देऊ नयेत. आणि कृपा करून झेरॉक्स प्रतींवर भागवू नये. झेरॉक्समध्ये बारीक रेषा उडतात, ‘ष’ आणि ‘क्ष’ची पोटे भरतात, आणि खिळ्यांचा नमुना मूळ आकारात राहिला नाही तर त्याचा उपयोग संपतो. स्कॅन करणे भागच असेल तर अक्षरांची पाने १०० टक्के आकारात, करड्या छटांत, किमान ६०० डीपीआयला करावीत.

राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथालयांना पुस्तके मिळतात, शासनमान्य ग्रंथयादीतूनही खरेदी होते. यादीसाठी पुस्तके निवडणाऱ्यांनी स्पर्धापरीक्षा आणि कथा-कादंबऱ्यांच्या बरोबरीने या विषयाचा विचार करावा. मुद्रणाचे काम करणारी कितीतरी कुटुंबे आपल्या तालुक्यांच्या गावांत आहेत; त्यांच्या धंद्याचे हे ग्रंथ आहेत.

खान्देशकडे तर पुस्तकाबाहेरचीही साधने आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद करतो आणि त्याच्या शेवटी मराठी मजकूर आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांनी जपलेल्या हस्तलिखितांत बोरूचे वळण मूळ रूपात पाहता येते. कला महाविद्यालयांनी या संस्थांशी बोलून निवडक पानांची मूळ आकारातली छायाचित्रे मागवावीत. शिलालेखाला शाई किंवा खडू लावू नये. रीतसर परवानगी घेऊन, अंधार पडल्यावर एका बाजूने जवळजवळ दगडाला समांतर प्रकाश टाकला की कोरलेल्या कडांची सावली पडते आणि अक्षर स्वच्छ उठते. कॅमेरा दगडासमोर सरळ असावा आणि चौकटीत सेंटिमीटरची पट्टी ठेवावी, नाहीतर मूळ आकार कळत नाही. प्रकाश एकदा डावीकडून आणि एकदा वरून टाकून निदान दोन छायाचित्रे घ्यावीत, कारण प्रकाशाच्या दिशेने जाणाऱ्या रेषा एका छायाचित्रात पुसट येतात.

नव्या शैक्षणिक वर्षाची पुस्तकखरेदी सुरू होण्याआधी तिन्ही जिल्ह्यांच्या ग्रंथालयांनी आपापल्या मागणीपत्रात यांतली चार-पाच पुस्तके घालावीत, ही विनंती.

आपला,
मुद्रणव्यवसायातला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव