पथ्य मोडले म्हणून नव्हे

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मध्यरात्री तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आवाजात दुखण्यापेक्षा ओशाळलेपणच अधिक होते. चार महिने नेटाने सांभाळलेले पथ्य मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या एका जेवणात सैल सोडलेस, आणि पहाटेपर्यंत मळमळ, आंबट ढेकर, छातीत जळजळ, पोटात मुरडा आणि दोनतीनदा जुलाब असा सगळा भोग वाट्याला आला. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, माझे पोट आता चांगल्या खाण्याला इतके सरावले आहे की वाईट काही आत गेले की ते बाहेरच टाकते. झाले ते योग्यच झाले." त्या वेळी मी घोट घोट पाणी पीत राहा एवढेच सांगितले, कारण पोट धरून बसलेल्या माणसाला व्याख्यान देऊ नये. आता तुला बरे वाटत आहे, तेव्हा ते "योग्यच झाले" मला का पटले नाही, हे सविस्तर लिहितो.

पोटाला चांगले आणि वाईट यांतला फरक कळत नाही. त्याला कळते ते प्रमाण, स्निग्धांश, वेग आणि वेळ. तळलेले आणि लोणी-मलईने जड झालेले अन्न जठरातून लहान आतड्यात उतरू लागले की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावून पित्त सोडायला लावते, स्वादुपिंडाला पाचक विकरे पाठवायला सांगते आणि त्याच वेळी जठराला "जरा हळू" असा निरोप देते. स्निग्ध पदार्थ पचायला वेळ लागतो, म्हणून खालची व्यवस्था वरच्या कोठाराचे दार निम्मे लावून घेते. हा बिघाड नव्हे, ही शिस्त आहे. मात्र दार निम्मे लागलेले असताना आपण वरून केक, त्यावर आइस्क्रीम आणि त्यावर गार पेय ओतत राहिलो, तर सगळे जठरातच साचते. पोट डब्ब होणे, मळमळणे आणि तासन्‌तास आधीच्या जेवणाच्या चवीचे ढेकर येणे, हे सारे त्या साचण्यातून येते.

जठरातले हे काम डोळ्यांनी पाहण्याची संधी एका डॉक्टरला फार पूर्वी मिळाली होती. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे विल्यम ब्यूमाँट हे लष्करी शल्यवैद्य अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून पाहत. त्यांनी आपली निरीक्षणे १८३३ मध्ये ग्रंथरूपाने छापली. तेलकट अन्न सावकाश पचते हे त्यांनी नोंदवले, आणि तो तरुण रागावलेला असला की पचनही बिघडते, हेही नोंदवले. वर्षानुवर्षे पोटातून दोरे ओढून घेणारा माणूस रागावत नसता तरच नवल, असे मला नेहमी वाटते. ते असो. पण खाताना मनात धास्ती आणि अपराधीपणा असेल तर त्याचा पोटाशी संबंध असतो, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे, आणि तू त्या जेवणाला बसलीस तीच मुळी "आज मी गुन्हा करणार आहे" अशा मनाने.

आता सरावाविषयी. तुझ्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण तू काढलेला निष्कर्ष उलटा आहे. स्वादुपिंड आपली विकरे नेहमीच्या आहाराच्या बेताने कमी-अधिक करते, आतड्यांतील जिवाणूंची वस्तीही आहार बदलला की काही दिवसांतच बदलू लागते, आणि अनेक आठवडे बेताने जेवणाऱ्याचे जठर पूर्वीइतके ताणले जात नाही, त्यामुळे पूर्वी सहज मावणारे ताट आता जड जाते. थोडक्यात, चार महिने हलके काम करणाऱ्या माणसाकडून एका रात्रीत दुप्पट ओझे वाहून घेतले, तर त्याची पाठ दुखेल. त्यावरून ओझे पापी होते असे ठरत नाही आणि पाठ पवित्र झाली असेही ठरत नाही. एखाद्या पदार्थाचा नुसता छोटा वाटा तू जेवणाच्या शेवटी घेतला असतास, तर बहुधा काहीच झाले नसते.

तू असेही म्हणालीस की जेवण संपायच्या आत धावावे लागले, म्हणजे खाल्लेले सरळ बाहेर पडले. तसे होत नसते. जठर भरू लागले की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, आणि जेवण मोठे व स्निग्ध असेल तर तो अधिक जोरकस असतो. त्या वेळी बाहेर पडते ते आदल्या दिवसाचे किंवा त्याही आधीचे असते. पहाटेचे पाणीदार जुलाब मात्र वेगळ्या कारणाचे असावेत, आणि तेथे मला दोन संशयित दिसतात. पहिले म्हणजे मलई आणि आइस्क्रीम. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर जगातील बहुसंख्य लोकांत बालपणानंतर कमी होत जाते. दूध बंद केल्यामुळे ते कमी होत नाही, ते आनुवंशिक आहे. परंतु रोज थोडे दूध घेणाऱ्याच्या मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या साखरेला सरावलेले असतात आणि त्याचा त्रास झाकला जातो. तू चार महिने दुधाला हात लावला नाहीस आणि मग एका बैठकीत बरेच घेतलेस. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचली की पाणी ओढून घेते, जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात, आणि पुढचे तू अनुभवलेच आहेस. एक पेला दुधात सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा असते आणि एवढी बहुतेकांना फारशी बाधत नाही. म्हणून दूध कायमचे वर्ज्य करण्याची घाई करू नकोस, दह्यापासून आणि थोड्यापासून सुरुवात करून पाहा.

दुसरा संशयित ऐकून तुला हसू येईल. "निदान चॉकलेट तरी मी साखरमुक्तच खाल्ले" असे तू अभिमानाने सांगितलेस. अशा चॉकलेटांत आणि गोळ्यांत गोडीसाठी बऱ्याचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असते. ही द्रव्ये आतड्यात पुरती शोषली जात नाहीत आणि जास्त झाली की रेचकाचे काम करतात; काही देशांत तर वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. म्हणजे त्या रात्रीच्या ताटात तू ज्याला निर्दोष समजलीस, तोच कदाचित मोठा दोषी होता. तुझे पोट रोज फुगते, त्याचेही तसेच असू शकेल. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत हे खरे, परंतु पूर्वी त्याच्या निम्मेही न खाणाऱ्याने एका आठवड्यात कडधान्ये, कोबी, कांदा आणि कोंडा यांचा मारा केला तर वायू धरणारच. ते हळूहळू वाढवायचे असते आणि बरोबर पाणीही वाढवायचे असते. एका मेजवानीवर सगळा आळ घेऊन मोकळे होणे सोपे असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हे सारे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. तू लहान असताना मीही एकदा वजन उतरवायला घेतले होते. तीन महिने कोरडे खाल्ले आणि मग एका मोठ्या जेवणाचे आमंत्रण आले. पोटात जागा राहावी म्हणून मी सकाळी आणि दुपारी काहीच खाल्ले नाही, ही पहिली चूक. उपाशी माणूस भराभर खातो, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तोवर मी तिसऱ्यांदा वाढून घेतले होते. घरी येऊन आडवा झालो. स्निग्ध जेवणाने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावते, आणि त्यात माणूस आडवा झाला तर आम्ल वर चढायला काही अडसर राहत नाही. रात्रभर छाती धरून बसलो होतो. तरीही त्या रात्रीचे मला विशेष काही वाटत नाही. खरी चूक पुढे झाली. सकाळी काटा दोन किलो वर गेलेला पाहून मी प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस जवळजवळ लंघन केले आणि चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातले डबे रिकामे केले. ते दोन किलो चरबीचे नव्हतेच. एक किलो चरबी वाढायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. एका जेवणात इतके कोण खाणार? खारट अन्नाने पाणी धरून ठेवले जाते, आणि शरीर ग्लायकोजेनच्या रूपात जी साखर साठवून ठेवते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. दोनचार दिवस नेहमीसारखे जेवले असते तर काटा आपोआप खाली आला असता.

म्हणून आता उपवास करू नकोस, पोट "धुऊन काढणारे" रस पिऊ नकोस आणि रेचक तर मुळीच घेऊ नकोस. जुलाब पुन्हा झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवून घोट घोट घे. भूक लागेल तसे मऊ, कमी तेलाचे अन्न थोडे थोडे खा आणि एकदोन दिवसांत आपल्या नेहमीच्या ताटावर ये. पुढच्या मेजवानीच्या दिवशी दुपारचे जेवण चुकवू नकोस, आवडीचा एकच पदार्थ निवडून सावकाश खा, जेवणानंतर पाय मोकळे करून ये आणि दोनतीन तास आडवी होऊ नकोस. झोपताना जळजळ राहिलीच तर उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोप. आणखी एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींना विचार. त्यांच्यापैकी कुणाला त्याच रात्री उलट्या किंवा जुलाब झाले का? दूषित अन्नातील काही जिवाणूंचे विष अर्ध्या तासापासून सातआठ तासांत त्रास देते, आणि तसे असेल तर तुझ्या पथ्याचा येथे काहीच संबंध नाही.

आता ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले, ते सांगतो. पहिल्या सहा आठवड्यांत तुझे वजन दहा किलो उतरले, हे तू मोठ्या आनंदाने कळवले होतेस आणि मीही तुझे कौतुक केले होते. ते करायला नको होते. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, कारण यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडू लागते. आणि आहारातून स्निग्ध पदार्थ पार काढून टाकले असतील तर पित्ताशयाला रिकामे होण्याचा निरोपच मिळत नाही, पित्त आतच साचून घट्ट होत जाते. असे खडे एरवी मुकाट असतात आणि नेमके एखाद्या जड, स्निग्ध जेवणानंतर पित्ताशय जोरात आकुंचन पावले की दुखणे उठते. तुझ्या रोजच्या जेवणात तेल, तूप, सुकामेवा यांपैकी काहीच नाही, हे तू अभिमानाने सांगतेस. ते थोडे तरी परत आण, आणि वजन यापुढे आठवड्याला अर्ध्या-पाऊण किलोच्या बेताने उतरू दे.

परवा फोनवर तू "वर कुठेतरी दुखत होते" म्हणालीस आणि मी नीट विचारले नाही. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी सलग अर्धा तास किंवा अधिक वेळ टिकणारी कळ होती का, ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जात होती का, हे आठवून पाहा. तसे असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना वजन किती वेगाने उतरले तेही सांग. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत खडे दिसतात. त्याबरोबर ताप, डोळ्यांत पिवळेपणा, शौचात रक्त किंवा काळी शौच, न थांबणारी उलटी यांपैकी काही दिसले तर आठवड्याचीही वाट पाहू नकोस, त्याच दिवशी जा. कळ नव्हती, नुसते जड वाटत होते, असे असेल तरी मला तसे कळव. आईला यातले काही मी अजून बोललो नाही; तुझे उत्तर आले की सांगेन.

तुझे,
बाबा