मे महिन्यात हक्कांचीही शाळा भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या लेकीने यंदा मे महिन्याच्या सुट्टीत राज्यशास्त्र आणि मानवी हक्कांच्या उन्हाळी वर्गाला जायचा हट्ट धरला. फी आमच्या घराला जडच होती, तरी पाठवलं.

पहिल्याच आठवड्यात ती प्रश्न घेऊन घरी आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं सतरावं कलम म्हणतं, कुणाचीही मालमत्ता मनमानीने हिरावून घेता येणार नाही. मग आपल्या राज्यघटनेत हा हक्क मूलभूत का नाही? पूर्वी होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढून ३००-अ कलमात नेला. हे मला, नवी मुंबई वसवताना जमीन गेलेल्या घणसोलीच्या प्रकल्पग्रस्ताला, पन्नाशीत लेकीकडून कळलं.

वही घेऊन ती आजोबांजवळ बसली. शेती किती होती, नोटीस कधी आली, भाव कुणी ठरवला? वडील त्या दिवसांबद्दल सहसा बोलत नाहीत. त्या संध्याकाळी बोलले. जानेवारी १९८४, जमिनीच्या मोबदल्यासाठीचं आंदोलन, उरणजवळच्या जासई-नवघरचा गोळीबार, पाच हुतात्मे, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा भूखंड आमच्या पिढीने आयता पाहिला, त्यामागची ही माणसं नाही. वडिलांचा मुलगा असून मी हे कधी विचारलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेतो, पण दिल्लीत आणि कॉलेजच्या मुलांना. नवी मुंबई महापालिकेच्या शाळा मे महिन्यात रिकाम्या असतात. नववी ते अकरावीच्या मुलांसाठी तिथे असा मोफत वर्ग भरवावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. नुसती भाषणं नकोत. बेलापूरच्या मुख्यालयात नेऊन कारभार दाखवा, एक दिवस जासईला न्या, गावठाणातल्या म्हाताऱ्यांना वर्गात बोलवा.

हक्क शिकवले की पोरं उलट बोलायला लागतात, असं आमचे एक नातेवाईक म्हणाले. मला हे अजिबात पटत नाही. लेक आता आजोबांशी पूर्वीपेक्षा जास्त बोलते. परवा दोघांनी मिळून भूसंपादनाच्या जुन्या निवाड्याची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प वडिलांनी स्वतः लावला.

आपला,
एक पालक, घणसोली, नवी मुंबई