घोडा मोज, स्वार नको

न्यूकॅसल, रविवार

प्रिय बंड्या,

लढाईच्या खेळातल्या तुझ्या चिमुकल्या रोमन घोडेस्वारांचे फोटो मिळाले, आणि आधी एकच सांगतो, तो दुसरा डबा परत करायच्या भानगडीत पडू नकोस. दोन्ही डब्यांवर २८ मिमी लिहिलंय मग एक रोमन स्वार दुसऱ्याचा धाकटा भाऊ का दिसतोय, असं तू विचारलंयस. अरे, तो आकडा म्हणजे शर्टाच्या साइझसारखा, एकाचं एल ते दुसऱ्याचं एम. कोणी तळपायापासून डोळ्यापर्यंत २८ धरतं, कोणी टाळूपर्यंत. डोळ्यापर्यंत २८ असेल तर टाळू जाते ३० वर, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण छप्पन्नाव्या हिश्श्याएवढा, १:५६, आणि टाळूपर्यंतच २८ असेल तर तोच माणूस १:६० च्या आसपास येतो. त्यात कोणी हिरोइक ढंगात डोकं नि पंजे मुद्दाम फुगवून ठेवतात, रंगवायला बरं पडतं म्हणून. आणि स्वार तर बसलेला, त्याची उंची मोजणार कुठून? मी आता हनुवटी ते टाळू आणि गुडघा ते टाच एवढंच मोजतो, दोन्हीत अर्ध्या मिमीचा फरक असला तर खुशाल चालवून घेतो.

पण तुझा खरा घोळ स्वारांत नाहीये, घोड्यांत आहे. रोमन घोडे लहान होते रे, छावण्यांजवळ सापडलेली हाडं पाहिली तर बहुतेक खांद्याशी १३० ते १५० सेंमी, म्हणजे आपल्या भीमथडी तट्टांसारखे काटक. १४० चा घोडा १:५६ मध्ये खांद्यापर्यंत बरोब्बर २५ मिमी व्हायला हवा. तुझ्या फोटोतला तो काळा पट्टीवर ३० दिसतोय, म्हणजे १६८ सेंमी, तो थेट रेसकोर्सवरून आलाय! इथून जवळच हेक्सहॅमच्या ॲबीत, म्हणजे जुन्या चर्चमध्ये, फ्लाविनस या रोमन स्वाराचा स्मारकदगड आहे, ‘आला पेट्रियाना’चा निशाणवाला (‘आला’ म्हणजे रोमन घोडदळाची पलटण), २५ व्या वर्षी गेला, ७ वर्षं नोकरी. दगड पुरुषभर उंचीहून मोठा, मान वर करून बघावा लागतो, आणि घोड्याच्या पायाखाली एक उघडा रानटी अंग चोरून बसलाय. अशा स्मारकांवर घोडा बहुतेक वेळा स्वाराच्या मानाने लहानच कोरतात, चौकटीत बसवायचा असतो ना, म्हणून तो काही मापाचा पुरावा नाही, पण तिथून घरी आलो आणि टेबलावरचे माझे घोडे मला एकदम हत्ती वाटायला लागले.

आता स्वारांची अदलाबदल करू म्हणतोस, ते प्लीज करू नकोस. मी केलंय. एका कंपनीचा प्लास्टिकचा स्वार दुसरीच्या मेटल घोड्यावर बसवायला गेलो. घोड्याच्या पाठीवर खोगिराची चार शिंगं आधीच ओतलेली आणि स्वाराच्या बुडाखाली पण खोगीर चिकटलेलं, म्हणजे एकूण आठ शिंगं! दोन संध्याकाळी फाइलने घासत बसलो, मेटलचा चुरा चहात पडला, घोड्याची पाठ पार सपाट झाली आणि तरी स्वार उंटावर बसल्यासारखा दिसतोय. त्या चार शिंगांचं महत्त्व मात्र तेव्हा कळलं. रिकीब नव्हतीच त्यांच्याकडे, मांड पक्की राहायची ती या शिंगांत मांड्या अडकवून, पीटर कॉनोली या इतिहास अभ्यासकाने असं खोगीर पुन्हा बनवून दाखवलं होतं. म्हणून पाय सरळ खाली लोंबलेले हवेत. तुझ्या एकाही घोड्याला रिकीब दिसली तर ब्लेड घे आणि उडव.

मी काय करतो सांगतो. एका बेसवर, म्हणजे मूर्ती चिकटवायच्या तळपट्टीवर, एकाच कंपनीचे, मिसळ नाही. एका ‘आला’त १६ तुर्मा, म्हणजे तुकड्या, प्रत्येकी तीसेक घोडे, म्हणजे ५०० च्या आसपास. एका मूर्तीमागे ५० धरले तर १० मूर्तींत अख्खी आला झाली. तुझ्याकडे २० आहेत, दोन वेगळ्या आला कर, एक गॉल, एक थ्रेशियन, उंचीचा फरक कोणाच्या बापाला कळणार नाही. ढाली आणि भाले मात्र सगळ्यांना एकाच डब्यातले लाव, बघणाऱ्याची नजर आधी ढालीवर जाते. बुटक्यांच्या बेसखाली १ मिमीचं कार्ड सरकव.

बेस २५ बाय ५० मिमीचेच ठेव. तू म्हणशील हे खऱ्या मापात बसतं का, तर नाही बसत. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचा हिशोब आहे, आठ रांगा खोल आणि तुकड्यांमध्ये तुकडीइतकीच मोकळी जागा ठेवली तर एका स्टेडमध्ये, म्हणजे साधारण १८० मीटरमध्ये, ८०० घोडे मावतात, म्हणजे दर घोड्याला जेमतेम ९० सेंमी. आपला २५ मिमीचा बेस १:५६ ने १४० सेंमी होतो. जमिनीचं स्केल आपण आधीच वाऱ्यावर सोडलंय, मग घोड्याच्या दोन मिमीसाठी रात्र जागवू नकोस. तो काळा मात्र काढ. किंवा डेक्युरियनला, म्हणजे तुर्माच्या नायकाला, दे, साहेबाचा घोडा मोठा असला तर कोण बोलणार!

मापं पाठव, गुडघा ते टाच, दोन्ही डब्यांची. दिवाळीला येताना जास्तीच्या ढाली घेऊन येतो, माझ्याकडे मूठभर पडल्यात.

तुझाच,
सुन्या

ता.क. भाच्याने दिलेला तो १:७२ चा डबा यात घालू नकोस. त्यातला माणूस २४ मिमीला संपतो आणि घोडा २० ला, तिथे कार्ड सरकवून काही होणार नाही. त्याची वेगळी लढाई लावू, मला त्यात जर्मन हवेत.