गाळ वर येतो तेव्हा

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो तेलविहिरीच्या परिसरात तुझी पाळी गाळाच्या कोअरवर, म्हणजे तळातून नळीत उचललेल्या गाळाच्या नमुन्यांवर लागली, हे बरं झालं. 2010 मध्ये विहीर फुटून सांडलेलं ते तेल पाण्यातून केव्हाच गेलं. आता माग लागलाच तर तळाच्या चिखलात.

पाणी दीड हजार मीटर खोल. मल्टिकोअरर, म्हणजे एकदम अनेक कोअर घेणारी नळ्यांची फ्रेम, सोडताना विंच मिनिटाला 50-60 मीटरने चालली तरी हरकत नाही, पण शेवटच्या 50 मीटरला वेग 10-15 वर आणायला लाव. गाळाचा वरचा तपकिरी थर कापसाच्या पुंजक्यासारखा असतो, आणि तेल असलंच तर त्यातच. फ्रेम जोरात आली की तिच्यापुढे रेटलं गेलेलं पाणीच तो उडवून लावतं. नळीत येतो नुसता राखाडी चिखल, आणि कागदावर 'तेल नाही' असं लागतं! तारेचा ताण उतरला म्हणजे तळ लागला. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश उपसायचं. गाळावरचं पाणी गढूळ दिसलं तर कोअर सरळ टाकून द्यायचा, तासभर गेला असला तरी.

वरच्या दोन सेंटिमीटरचे 2-2 मिलिमीटरचे काप घे. कोअर वर सरकवताना कडेचा गाळ नळीला घासून खालीवर मिसळतो, म्हणून प्रत्येक चकतीची कड काढून टाक. कापायचा पत्रा दर कापानंतर पुसून डायक्लोरोमिथेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवाने धुवायचा. बरण्या काचेच्याच, 450 अंशांवर चार तास भाजलेल्या. काठोकाठ भरू नकोस, उणे 20 ला तडकतात.

सगळा हिशेब होपेन या खनिज तेलातल्या संयुगावर. जिवाणू त्याला सहजासहजी हात लावत नाहीत, म्हणून बाकीचं किती विरलं ते त्याच्या तुलनेत कळतं. 2014 मध्ये विहिरीभोवतीच्या सुमारे 3,200 चौरस किलोमीटर तळावर तेल बसल्याचा अंदाज आला, तो होपेन मोजूनच. गोची अशी की वंगणातही होपेन असतं. डिझेलला सगळे घाबरतात, पण त्यात ते जवळपास नसतंच. खरा दगा देतं विंचच्या तारेचं ग्रीस. पहिल्याच दिवशी ग्रीस, हायड्रॉलिक तेल आणि डिझेल यांचा थोडा थोडा नमुना बाटलीत भरून ठेव. काप घेताना शेजारी एक रिकामी बरणी उघडी ठेव आणि काम संपल्यावर बंद कर. तिच्यात काही सापडलं तर ते जहाजाचं. आखातात तळातून नैसर्गिक तेलही झिरपतं, त्यामुळे होपेन दिसलं की लगेच मकोंडोच्या नावावर टाकू नकोस. आधी विहिरीपासून दूर घेतलेल्या नमुन्यांशी ताडून बघ.

आणि डायक्लोरोमिथेन नायट्राइलच्या हातमोज्यातून काही मिनिटांत पार होतं. थेंब उडाला तर चकतीचं काम अर्धवट सोड, पण हातमोजा आधी बदल.

तुझी,
आई