विजयदुर्गाचा तह आणि युक्रेनची शस्त्रमदत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

युक्रेनला होणारी अमेरिकेची शस्त्रमदत मध्येच थांबते आणि मध्येच पुन्हा सुरू होते, यावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. काही पत्रलेखकांना त्यात उघड विश्वासघात दिसतो, तर काहींना ‘कोणी कोणाला फुकट का पोसावे’ हा रोखठोक व्यवहार पटतो. दोन्ही बाजू देणाऱ्याच्या दानतीबद्दल बोलत आहेत. माझ्या मते युद्ध चालू असताना घेतलेल्या परक्या लष्करी मदतीचा निवाडा दानतीवरून करता येत नाही. मदत घेताना कागदावर काय लिहिले गेले, काय लिहायचे राहिले आणि कागदाबाहेर कोणी काय ठरवून ठेवले होते, हे पाहावे लागते. हे मला पुस्तकांआधी आमच्या दारातल्या किल्ल्याने शिकवले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी विजयदुर्ग खाडीच्या काठी राहतो. शाळेत इतिहास शिकवीत असताना दरवर्षी मुलांना किल्ल्यावर नेत असे. तटावरचे काही खळगे तोफगोळ्यांच्या खुणा म्हणून दाखवले जातात. मुले त्यांत मूठ घालून पाहत आणि ‘गुरुजी, हे कोणी मारले?’ असे विचारत. इंग्रजांनी, असे सांगितले की त्यांचे समाधान होई. इंग्रजांना इथवर बोलावले कोणी, हे मात्र एखादाच विचारी, आणि त्याला उत्तर देताना मी उगाच चष्मा पुसत बसे.

बोलावले होते ते पुण्याने. विजयदुर्गावरून आपले आरमार चालवणारा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हता आणि किनाऱ्यावरच्या मराठी मुलखालाही त्याचा उपद्रव होता, तेव्हा त्याला आवरण्याची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. नानासाहेब पेशव्यांजवळ जमिनीवर फौज मोठी होती, पण समुद्रात आंग्र्यांशी झुंजेल असे आरमार नव्हते. म्हणून १७५५च्या मार्चमध्ये कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. समुद्रावरची कामगिरी इंग्रजांनी करायची, जमिनीवरून मराठ्यांनी वेढा घालायचा आणि मदतीबद्दल इंग्रजांना बाणकोट, तिथला हिंमतगड व आसपासची काही गावे मिळायची, असे त्यात होते. पहिला हप्ता अगदी वेळेवर आला. एप्रिलमध्येच कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि तो ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या हाती आला. मदत करणारा शब्दाचा पक्का आहे, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाईव्ह विजयदुर्गावर आले. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपापसांत ठरवून टाकली होती आणि तीत मराठ्यांना वाटा नव्हता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला, आणि आग पसरत जाऊन सगळे आरमार खाडीच्या तोंडाशी जळाले. तुळाजी त्याआधीच मराठ्यांच्या छावणीत येऊन दाखल झाला होता, त्यामुळे किल्ला आपल्या हाती येणार असे मराठ्यांच्या सरदारांना वाटत होते. क्लाईव्हने त्याच रात्री फौज उतरवली आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या बरोबर मध्ये ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण लागले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी वाटून घेतली आणि किल्ला काही सोडला नाही. तो परत मिळायला ऑक्टोबर उजाडला. त्या वेळी पुण्यात झालेल्या तहात विजयदुर्गाच्या मोबदल्यात बाणकोट आणि दहा गावे इंग्रजांकडे पक्की झाली, शिवाय डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यायचा नाही असे कलमही घुसले. आंग्र्यांच्या बंडाशी डचांचा काय संबंध, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. तह लिहून घेणाऱ्याला तो पडला नव्हता, कारण त्याच्या लेखी ते युद्ध आंग्र्यांपुरते कधीच नव्हते.

आणि जळाले ते कोणाचे आरमार? आंग्रे बंडखोर ठरले तरी ती गलबते मराठ्यांच्याच गोदीत बांधलेली होती आणि त्यांवरचे तांडेल, खलाशी इथल्याच गावांतले होते. पुढे आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरून पेशव्यांचे आरमार चांगले नावारूपाला आणले, १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाजही पकडले, पण त्याला सत्तावीस वर्षे जावी लागली. दरम्यान विजयदुर्गावरून मोकळे झालेले वॉटसन आणि क्लाईव्ह वर्षभरात कलकत्त्याला पोहोचले होते. प्लासीची लढाई १७५७च्या जूनमधली.

आता युक्रेनकडे येतो. १९९४ मध्ये त्या देशाने आपल्या भूमीवरचा, तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा, अण्वस्त्रसाठा सोडून दिला आणि बदल्यात बुडापेस्टला एका निवेदनावर रशिया, अमेरिका व ब्रिटन यांच्या सह्या घेतल्या. सीमांचा मान राखू, बळाचा वापर करणार नाही, असे त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘आश्वासन’ असा होतो, तर युक्रेनी आणि रशियन मसुद्यांत ‘हमी’ हा शब्द आहे. आश्वासन आणि हमी यांतला फरक कोकणी माणसाला समजावून सांगायला नको, तो दर निवडणुकीत त्याची उजळणी करतो. कोणी चाल करून आले तर सह्या करणाऱ्यांनी फौज पाठवावी, असे त्या कागदात कुठेही नाही. नाटोच्या करारातल्या पाचव्या कलमात एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानण्याचे बंधन आहे, पण युक्रेन नाटोचा सदस्य नाही. म्हणजे २४ फेब्रुवारी २०२२ नंतर त्याला जे मिळाले ती मदत होती, युती नव्हती. आपल्या चर्चेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मदतीला देणाऱ्याची लगाम असते आणि ती शेवटपर्यंत त्याच्याच हाती राहते. पोलंडला स्वतःच्या मालकीचे लेपर्ड रणगाडे युक्रेनला द्यायचे होते, तर ते जर्मन बनावटीचे म्हणून आधी जर्मनीची संमती लागली. जर्मनीकडे असलेला स्विस बनावटीचा दारूगोळा पुढे पाठवू द्यायला स्वित्झर्लंडने साफ नकार दिला. अमेरिकी क्षेपणास्त्रे रशियाच्या हद्दीत कितपत आत डागायची, हे ठरवण्यात वॉशिंग्टनने महिनेच्या महिने घालवले. सुमारे ६१ अब्ज डॉलरचे विधेयक २०२४च्या एप्रिलमध्ये मंजूर झाले, पण त्याआधी कित्येक महिने ते अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणात अडकले होते आणि तिकडे आघाडीवर तोफगोळे मोजून वापरावे लागत होते. युरोपने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देऊ असे सांगितले आणि मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे दिले होते; तिथे कोणाची नियत खोटी नव्हती, कारखानेच तेवढे नव्हते. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मदत थांबवली आणि आठवडाभरात पुन्हा सुरू केली. एप्रिलअखेर अमेरिका व युक्रेन यांच्यात खनिजांचा करार झाला आणि त्यातून दोघांचा सामाईक निधी उभा करायचे ठरले. आधीची मदत त्यात कर्ज म्हणून धरली गेली नाही, एवढे युक्रेनने पदरात पाडून घेतले, आणि ते लहान यश नव्हे. पुढे येणारी शस्त्रे मात्र त्या निधीतले अमेरिकेचे भांडवल म्हणून मोजली जाऊ शकतात. त्याच वर्षीच्या जुलैपासून तर पैसे युरोपीय देशांनी भरायचे आणि अमेरिकी शस्त्रे युक्रेनला जायची, अशी व्यवस्था सुरू झाली.

आमच्याकडच्या बागायतदाराला यातले काहीच नवे वाटणार नाही. माझी थोडी हापूसची कलमे आहेत. मोहोर येण्याआधी फवारणीला, राखणीला, पेट्यांना पैसे लागतात, तेव्हा वाशीच्या दलालाकडून उचल घ्यावी लागते. उचल देताना त्याच्याइतका गोड माणूस नसतो. मग माल त्याच्याच गाळ्यावर जायचा, भाव तो ठरवणार आणि पट्टी हातात आल्यावर कळते की हमाली, अडत वजा जाऊन आपल्याला काय उरले. एका वर्षी शेजारच्या गाळ्यावर भाव बरा असल्याचे कानावर येऊनही मला एक पेटी तिकडे पाठवता आली नाही. त्या दलालाने मला फसवले असे मी म्हणत नाही. त्याच्या उचलीशिवाय त्या वर्षी फवारणीच झाली नसती. पण त्याला मी कधी मित्रही म्हटले नाही.

अडचणीत घाईने घेतलेली मदत आणि वेळ असताना ठरवून घेतलेली मदत, या दोन्ही तऱ्हा आपल्या देशाने अनुभवल्या आहेत. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी, ईशान्येची आघाडी कोसळत असताना, नेहरूंनी केनेडींना पत्रे लिहून लढाऊ विमानांच्या तुकड्या वैमानिकांसकट मागितल्या. अलिप्ततेचा आग्रह धरणाऱ्या पंतप्रधानांना हे लिहिताना काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. दोनच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. अमेरिका व ब्रिटनकडून शस्त्रे आली, आणि त्यांच्या पाठोपाठ दोन्ही देशांचे दूतही आले. महिना संपण्याआधी नेहरू आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांना काश्मीरवर बोलणी करण्याचे संयुक्त निवेदन काढावे लागले. भारताचे मंत्री स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे मंत्री भुट्टो यांच्यात सहा फेऱ्या होऊन ती फिसकटली, पण चीनशी झालेल्या युद्धाची मदत काश्मीरच्या टेबलापर्यंत कशी जाते, ते दिसले. डचांचे कलम मला इथे पुन्हा आठवते.

पाकिस्तानची गत तर याहून बोलकी आहे. सीटो आणि बगदाद करार अशा दोन-दोन लष्करी युतींत तो अमेरिकेच्या बाजूने होता आणि पॅटन रणगाडे त्याला त्याच मैत्रीतून मिळाले होते. १९६५च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही शस्त्रे थांबवली. ज्याचे सगळे सैन्य अमेरिकी शस्त्रांवर उभे होते, त्यालाच ही बंदी जास्त जाचली.

१९७१ मध्ये आपण वेगळे केले, असे मला वाटते. सोव्हिएत संघाशी करार ९ ऑगस्टला झाला, म्हणजे युद्धाच्या जवळजवळ चार महिने आधी, घासाघीस करायला वेळ असताना. त्याच्या नवव्या कलमातही रशियन फौज येईल असे वचन नव्हते. हल्ल्याचा धोका उद्भवल्यास तातडीने विचारविनिमय करू, एवढेच होते. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका रशियन बनावटीच्या होत्या, तरी त्यांवरचे नौसैनिक आपले होते आणि त्यांना कुठे न्यायचे, हा निर्णयही आपला होता. युद्ध संपल्यावर कोणत्याही किल्ल्यात परकी फौज शिल्लक राहिली नाही. याची किंमत आपण दिलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. पुढची कित्येक दशके सुट्या भागांसाठी मॉस्कोकडे डोळे लावून बसणे ही त्याच व्यवहाराची उरलेली बाकी आहे, आणि युक्रेनवरच्या आक्रमणाविषयी संयुक्त राष्ट्रांत आपण मतदानाला तटस्थ राहतो, त्यामागेही तिचा थोडा भाग असावा.

आपणांस एक विनंती आहे. ‘अमुक अब्ज डॉलरची लष्करी मदत’ अशी बातमी छापताना सोबत एक लहान चौकट द्यावी: त्यातले अनुदान किती, कर्ज किती, देणाऱ्या देशाच्याच कारखान्यांत किती खर्च होणार, ती शस्त्रे कुठवर वापरायची परवानगी आहे आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. आकड्यांच्या मथळ्यापेक्षा वाचकांना त्याचा उपयोग अधिक होईल. १७५५ आणि १७५६च्या दोन्ही तहांवर मी मुलांसाठी केलेले टिपण अजून जपून ठेवले आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीला उपयोगी पडणार असेल तर कळवावे, टपालाने पाठवून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग